कागदोपत्री गवंडी

तीर्थस्वरूप विष्णूमामांना दुबईहून सुयशचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, मामींची शुगर आणि खालच्या मजल्याशी चाललेला पार्किंगचा वाद, तिन्ही आटोक्यात असतील, इन्शाल्ला. आम्ही खुशाल आहोत. (म्हणजे सोमवारपर्यंत होतो.)

मी इथे बांधकाम कंपनीत एचआर मॅनेजर, हे तुम्ही चारचौघांत सांगताच. गेल्या महिन्यात मालकांनी फर्मान काढलं, की इन्स्पेक्टर यायच्या आत साइटवरच्या प्रत्येकाचं वर्क परमिट तपासा आणि त्यावर लिहिलेलंच काम तो करतोय का, ते बघा. झालं, माझ्या अंगात आलं. कमरुद्दीन वीस वर्षं भिंती बांधतोय, परमिटवर मात्र सुतार. त्याला मी सगळ्यांदेखत अर्धा तास कायदा ऐकवला आणि कागद दुरुस्त होईपर्यंत खोलीवर बसवलं. (बिचारा 'साहब, दीवार तो देखो' म्हणत होता. मी बघितली नाही. काल जाऊन बघितली, ओळंब्यात आहे, केसभरही कललेली नाही.)

सोमवारी दोनशे चौदा नावांची यादी मालकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून नेमकं माझ्या नावावर बोट ठेवलं. व्यवसाय, गवंडी. मामा, अकरा वर्षांपूर्वी मला आणताना कंपनीकडे गवंड्याचीच जागा शिल्लक होती. 'नंतर बदलू' म्हणाले, आणि दर नूतनीकरणाला मी न वाचता सही ठोकत आलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तीस दिवसांत मॅनेजरचं परमिट आणा, नाहीतर नोकरी खलास, असं मालक अगदी शांतपणे म्हणाले. इराची बारावी आहे, तुमच्या भाचेसुनेला, मुग्धाला, नोकरी नाही. खरंच भीती वाटते. इराला सांगितलं तर म्हणाली, "बाबा, बट यू कान्ट ईव्हन हँग अ पिक्चर."

मामींना नमस्कार सांगा, पण हे सांगू नका.

तुमचा भाचा (तूर्तास मॅनेजर),
सुयश

ता.क. नव्या परमिटसाठी मूळ पदवी प्रमाणपत्र लागतं, त्याच्या पाठीवर सरकारी शिक्के मारलेलं. ते तुमच्याच कपाटात आहे. गुडघे सांभाळून तेवढं मुंबईला नेऊन शिक्के मारून आणाल का?

ता.ता.क. आत्ता आठवलं. ते हातात आलं त्याच संध्याकाळी तुम्ही ते कौतुकाने लॅमिनेट करून आणलं होतंत. प्लास्टिकवर शिक्का मारत नाहीत, आणि नवी प्रत मिळायला तीन महिने लागतात म्हणे. राग नाही, मामा. कमरुद्दीनचा कागद दुरुस्त झालाय आणि खबरदारी म्हणून रोज कामानंतर तो मला थापी धरायला शिकवतो. काल माझी पहिली भिंत झाल्यावर मीही 'दीवार तो देखो' म्हणालो. त्याने बघितली, आणि पाडली.