डावीकडचे चौकोन

३ फेब्रुवारी २०२५
हितेशभाईंनी सचिन औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कारखान्यात कॅमेरा लावायला होकार दिला. एम.टेक.चा प्रकल्प मार्गी! अट एकच — कापडातले दोष मशीनने पंच्याण्णव टक्के बरोबर सांगायचे. बरोबर म्हणजे काय? म्हणाले, "तारी मम्मी कहे ते."
आई म्हणेल ते बरोबर; ती तिथे चौदा वर्षं कापड तपासते.

६ फेब्रुवारी
काचेखाली दिवा. वरून कापडाचा ताका सरकतो, आई दोषावर खडू मारते. कॅमेरा खडूच्या आधी बसवला. नाहीतर मॉडेल खडूच ओळखायला शिकेल.
फोल्डर दोन: आईने खडू मारला तर "शे", म्हणजे दोष आहे; नाही मारला तर "नही". नावं आईने ठेवली.
शेजारच्या टेबलावरची योगिता म्हणाली, "मावशी, पोरगी तुमचीच नोकरी खाणार!"
आई — "खाऊ दे व. घरनं जेवन ते जास नही तिले."

११ फेब्रुवारी
दोन नवे शोधनिबंध वाचले. चित्राचे बारीक चौकोन करायचे, प्रत्येक चौकोन बाकीच्यांशी ताडून पाहायचा. मी मॉडेलला चौकोनांची जागा सांगितली नाही. दोष कुठेही असला तरी दोषच.

१७ फेब्रुवारी
अठ्ठ्याऐंशी टक्के.

१९ फेब्रुवारी
अठ्ठ्याऐंशी. दिवे बदलले, लेन्स पुसली. आई म्हणते, "तुनं मशीन येडं शे." शक्य आहे.

२१ फेब्रुवारी
कुठे चुकतंय ते ताक्याच्या नकाशावर मांडलं. जवळजवळ सगळं डावीकडे. मॉडेल म्हणतं "शे", आई म्हणते "नही". पण मॉडेलला डावं-उजवं माहीतच नाही!
मग ते कापड शोधून काढलं, भिंग लावलं. चाळीस जागा तपासल्या. एकोणचाळीस ठिकाणी धागा तुटलेला.
मॉडेल बरोबर आहे.

२२ फेब्रुवारी
अहवाल सोमवारी. खरं लिहिलं तर प्रकल्प पास, आणि हितेशभाई आईला टेबलावरून उठवतील. अठ्ठ्याऐंशीच लिहिले तर प्रकल्प गेला, आई टेबलावर. आईचा डावा डोळा दोन्हीकडे तसाच.
दुपारभर अहवालाचा फक्त समास नीट केला.

२३ फेब्रुवारी
आईला नकाशा दाखवला. म्हटलं, उजवा डोळा झाक, मी किती बोटं धरलीत सांग. तिने झाकला नाही.
"डावा डोयाले दिवाळीपासून दिखस नही," म्हणाली. "म्हनीसन ते तुना मशीनले शिकाडं."