खजरान्याचं उलटं स्वस्तिक

चि. देवेंद्रास आशीर्वाद.

मला दमायला काय झालंय? पाय सुजलेत ते बसच्या प्रवासाने. गाण्याच्या दौऱ्याची पाच गावं झाली, चार राहिली. तुझी ऋजुता नि मी एकाच खोलीत, फोनवर बोललं की ती ऐकते, म्हणून कागदावर लिहितेय.

तुझी लेक जेवते. आवाज मात्र चार दिवस बसलाय. दर गावी ही नि जोडीची अनुश्री यांच्यापैकी एक शेवटचं गाणं म्हणते, उद्या इथे इंदूरला पाळी हिची. डॉक्टर म्हणतो गाऊ नका, ही म्हणते गाणारच. अनुश्री म्हणाली, "तू उभी राहा गं, वरचे सूर मी ओढते." पोरगी बरी आहे, मीच उगाच नावं ठेवायचे.

तुझ्या उषाचा गुडघा कसा आहे? शेकते ना?

सकाळी खजरान्याच्या गणपतीला गेले. नवस-बिवस मला पटत नाही, तुला ठाऊक आहे. सगळे देवळामागच्या भिंतीवर स्वस्तिक काढत होते, मीही सवयीने काढलं. शेजारची बाई ओरडली, "अरे मावशीजी, सीधं नाही! आत्ता उलटं काढा. मन्नत पूरी झाली की सीधं करायला यायचं." पुसून उलटं काढलं. आता या पायांनी परत इंदूर.

काय मागितलं ते विचारू नकोस. सांगणार नाही.

ताई