गिटारींच्या मागचा आवाज

ता. ४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या बँडची रेकॉर्ड पोचली. मी पंपदुरुस्तीवाला माणूस. मोटर सुरू केली की आत काय घासतंय ते मला आधी ऐकू येतं, मग दिसतं. त्याच कानांनी तुमची गाणी ऐकली. काकूचं म्हणणं, मिक्सरमध्ये कुणीतरी रडतंय. मी तिला सांगितलं, अगं, याला शूगेझ म्हणतात. वाजवणारे मान खाली घालून पायांनी गिटारीचा आवाज बदलणारी पेडल दाबत राहतात, म्हणजे नजर कायम बुटांवर. पहिल्या गाण्याला मीही वैतागलो, पण पुढे त्या गोंगाटात चक्क बरं वाटायला लागलं. कारागिरांसमोर हे कबूल करणार नाही.

एक मात्र आहे. चौथ्या गाण्यात तू गिटारींच्या मागे लपून जे पुटपुटतेस, ते मला, गिटारींनी बुडवलेली एक ओळ सोडली तर, अक्षर न् अक्षर कळलं. बापाने मुलीची गिटार ट्रंकेत कोंडली, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि निवांत जेवायला बसला. हा बाप माझा थोरला भाऊ आहे हे ओळखायला फार डोकं लागत नाही. दादाला मी काही बोललेलो नाही. पण तो तुमच्या पुढच्या कार्यक्रमाला यायचं म्हणतोय. शर्ट इस्त्रीला दिलाय! तुम्हा बापलेकीत आत्ता कुठे बोलणं सुरू झालंय. काय करू ते लगेच कळव.

हट्टी आहेस तशीच राहा, आमच्यावरचा लोभ तेवढा कमी करू नकोस.

तुझा काका


ता. ११ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न.

पत्र वाचलं आणि चौथं गाणं पुन्हा लावून ऐकलं. इतकी वर्षं कुणाला एक शब्द कळला नव्हता, म्हणून तर मी बिनधास्त गात होते!

आमचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. सुरुवातीला गोदामात मूठभर लोकांपुढे वाजवायचो. त्यातले निम्मे पावसातून आडोशाला आलेले असायचे. ड्रमवाल्याला नोकरी लागली, तो गेला. नवीन आला, तो बरा निघाला. आता एक मोठी कंपनी दुसरी रेकॉर्ड काढायला तयार झाली आहे, पण त्यांना नेमकं तेच चौथं गाणं हवंय, तेही माझा आवाज गिटारींच्या पुढे आणून. याच कार्यक्रमात त्यांची माणसं ते तसं ऐकणार आहेत. मी नाही म्हटलं तर बँडचा कारभार आटोपला. हो म्हटलं तर बाबांना पुन्हा गमावून बसेन. बाकीच्या तिघांच्या तोंडाकडे बघून हो म्हणाले आहे.

तेव्हा काहीतरी निमित्त काढून बाबांना घरीच थांबवा. थापा तुम्ही छान मारता.

काकूला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची टिटवी


ता. २६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

थाप मारली. दादाला सांगितलं, तिथल्या खुर्च्यांनी तुझी पाठ धरेल. तो उशी घेऊन निघाला. आता मी काय करणार?

तुझं गाणं लागलं. गिटारी मागे सरल्या आणि विहिरीतला गाळ उपसल्यावर झरा मोकळा व्हावा तसा तुझा आवाज आला. बये, इतका चांगला आवाज कोंडून ठेवला होतास? पण मला कुठला आनंद व्हायला! मी दादाकडे बघत होतो. जन्मभर कोर्टात लघुलेखन केलेला माणूस. त्याचं बोट गुडघ्यावर चालत होतं, तुझा शब्द न् शब्द टिपत होतं. मी दाराकडे जायची वाट हेरून ठेवली.

गाणं संपल्यावर तो म्हणाला की जबानी अपुरी आहे. ट्रंक बरोबर, किल्ली बरोबर, पण त्या दिवशी तो तुला असंही म्हणाला होता की तुझा आवाज कुणी ऐकून घ्यावा असा नाही. सगळ्यात वाईट ते होतं आणि तेच गाण्यात नाही, असं म्हणाला. पोरीला घालायचं असेल तर खुशाल घालू दे, माझी हरकत नाही, हे तुला कळवायला सांगितलंय. मग पुढच्या गाण्याला त्याने टाळ्या पिटल्या. गाणं संपायच्या आधीच. आजूबाजूचे वळून बघायला लागले, पण हा थांबेना.

आता माझ्या जिवाला घोर लावू नकोस, एवढा लोभ असू दे.

तुझा काका


ता. ३ मार्च

ती. काकांस,
सा. न.

तुमचं पत्र ताईत करून गळ्यात बांधावं असं वाटलं. कंपनीचा होकार आला. गिटारवाला आनंदाने पेडलवरच नाचला आणि एक मोडून बसला.

ते वाक्य मी विसरले नव्हते, काका. गाण्यात होतंच. पण तिथे आलं की मी अडखळायचे, म्हणून गिटारवाल्याला तेवढ्यापुरतं जोरात वाजवायला सांगितलं. मग त्याला सगळीकडेच जोरात वाजवायची सवय लागली आणि लोक म्हणाले, वा, हे वेगळंच आहे! आमचा बँड असा झाला. कार्यक्रमात आवाज पुढे आणायचा म्हटल्यावर ती ओळ मी काढून टाकली.

रविवारी घरी येते आहे. बाबांना हे सगळं मीच सांगेन. तुम्ही त्यांना आधी फक्त एवढंच कळवा की त्यांची परवानगी मिळाली, पण ते वाक्य आता गाण्यात घालता येणार नाही. त्यांनीच मला ऐकून घेतलं, म्हणजे ते खोटं ठरलं.

लोभ तुमच्याकडे आहेच. त्यातला थोडा बाबांनाही पोचवा.

तुमची टिटवी