मामाजींचं पोट आणि शहाजिरं

रवि. ४ डिसें. ६०, सेक्टर ६, भिलाई
यांचे वडील येऊन आठ दिवस झाले. चार घास भात खातात, पोट धरून बसतात. आज यांना म्हणाले, येत्या रविवारी गावी जातो. तिथे चूल पेटवायला कोण आहे? सासूबाई जाऊन वर्ष झालं. मला फार वाईट वाटलं.

सोम. ५
हे फर्स्ट शिफ्टला गेले की दोन खोल्यांत मामाजी नि मी. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही. म्हणून मी भिंतीला सांगते, ताट वाढलंय. मामाजी छताला विचारतात, पाणी कुठे आहे. एवढं ऐकून घेणारी भिंत अख्ख्या भिलाईत नसेल.
ओव्यानं त्यांना जळजळतं. म्हणून आईचा उपाय: शहाजिरं भाजून, कुटून, सैंधव घालून ताकात.
दुपारी आतून ढेकर! मॅट्रिक पास झाले तेव्हाही इतकी खूश नव्हते.

बुध. ७
भाताच्या फोडणीत शहाजिरं. जेवणावर चिमूटभर चावायला. पोट फुगणं कमी. पण घास चारच. मग काय उपयोग…

शुक्र. ९
काल यांनी दुर्गच्या अत्तरवाल्याकडून शहाजिऱ्याचं तेल आणलं. बोटभर बाटली, वास घरभर. प्यायचं नाही, तिळाच्या तेलात दोन थेंब, पोटावर चोळायचं. मामाजींच्या हातात वाटी नीट राहत नाही. सकाळी वाटी सांडली. पुसायला गेले तर त्यांचे डोळे भरलेले. वाटी पुन्हा भरली, पदर पुढे ओढला नि मीच चोळून दिलं. आईला कळलं तर बोल लावील. लावू दे.
त्यांनी सदरा खाली ओढला. मग छताला नाही, मला म्हणाले,
"सुनबाई, पोट बरं हाय. तुई सासू गेली तवापासून एकटाच जेवून राहिलो. तू वाढतं अन् दाराआड जातं. घास उतरत नाई."


शनि. १०
हे सकाळी विचारत होते, येताना उद्याचं तिकीट आणू का. म्हटलं, आज नको. कावून, म्हणाले. कारण सांगितलं नाही.
सासऱ्यासमोर बसून जेवलेली सून आमच्यात मी पाहिली नाही. दोन ताटं मांडली. एक उचललं. पुन्हा मांडलं. त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं, यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी.
भात निवत चाललाय. हाक मारायची आहे, तोंडासमोर, मामाजी म्हणून. उठते.