पट्टे मारायचे राहिलेत

मुलुंड (पश्चिम)
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

तीर्थरूप भाऊंना,
सुनंदाचा साष्टांग नमस्कार.

नवं वर्ष तुम्हाला सुखाचं जावो. आम्ही सगळे ठीक आहोत. गुढी उभारली. काठीवर तांब्या बसवायचं काम दर वर्षी तुमचं. या वर्षी ते जयवंतने केलं आणि तांब्या जरा वाकडा बसला. खालच्या माधुरी वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "सासरे नाहीत तर गुढीपण मान वाकडी करून त्यांची वाट बघतेय." जयवंतने स्टूल ओढलं. स्टुलावर चढून त्याने तांब्या पुन्हा बसवला. तरी वाकडाच.

(तुमच्यासमोर मी त्याला 'हे' म्हणते. पत्रात नाव लिहिते आहे, राग मानू नका. नाहीतर 'हे' म्हणजे कोणते हे, ते कळायचं नाही.)

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. डोळ्याचं ऑपरेशन तुम्ही गेल्या वर्षी टाळलंत ते टाळलंतच. फोनवर तुम्ही "सगळा बरा हा" म्हणता आणि फोन शेजारच्या गुणाजीच्या हातात देता. मग गुणाजी मला पाण्याची टाकी, माकडं आणि सरपंच यांच्याबद्दल सांगतो. म्हणून पत्र.

तुमच्या नातीची बातमी सांगते. गेल्या वैशाखात गंधाली उतारावर पडली, तेव्हापासून हे वर्ष गुडघ्याचंच गेलं. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही इथेच होतात. त्यानंतरचं तुम्ही पाहिलं नाहीत. आधी कुबड्या, मग काठी, मग नुसता भिंतीचा आधार. डिसेंबरात तिच्या बरोबरीच्या मुली बर्फावर शर्यती करत होत्या आणि ही हॉलमध्ये टाच ओढत गुडघा वाकवत होती. मोबाइलवर शर्यत लावून ठेवायची आणि व्यायाम करायची. मी म्हटलं, "बंद कर गं, उगाच त्रास." तर म्हणाली, "आई, त्या पळतायत, मी एकटीच बसलेय, तर निदान टाळ्या तरी वाजवू दे."

लोक अजून विचारतात, हा बायथलॉनचा खेळ नक्की काय? तुम्ही होतात तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचात. "पायात स्कीच्या फळ्या बांधून बर्फावर छाती फुटेपर्यंत पळायचं, मग थांबून श्वास धरायचा आणि पाच गोळ्या मारायच्या. एक चुकली की एक फेरी जास्त." मी तेच सांगते, तुमच्याच शब्दांत. पण तुमच्यासारखं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

खरी बंदूक संघाच्या शिबिरातच ठेवलेली असते, त्यामुळे घरी तुम्ही केलेली लाकडीच चालते. माझ्या पाच काळ्या टिकल्या तिने कपाटाच्या दारावर एका ओळीत लावल्या आहेत. जिने चढून-उतरून धापा टाकत येते, चटईवर पालथी पडते आणि त्या टिकल्यांवर नेम धरते. माधुरी वहिनींनी परवा विचारलं, "तुझी मुलगी जिने चढते की माझ्या डोक्यावर पोहे कांडते?" गंधाली म्हणाली, "काकू, तुम्ही दही तयार ठेवा." आता रोज खालून हाक येते, "झाले का गं पोहे?"

सांगायची गोष्ट म्हणजे, नेमबाजी सुधारली आहे. पळता येत नव्हतं, म्हणून ती नुसता श्वास शिकली. शिबिराच्या मॅडमनी फोनवर सांगितलं की जूनच्या चाचणीला तिला बोलावतील. त्यात गुडघा टिकला तर येत्या हिवाळ्यात ती पुन्हा संघात. नाही टिकला तर, मॅडम म्हणाल्या, मग बघू. ते 'मग बघू' मला चांगलं कळतं.

हॉस्पिटलमध्ये त्या दिवशी जयवंत तुम्हाला जे बोलला ते मी ऐकलं होतं. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. सणाचा दिवस आहे.

तब्येतीला जपा.

आपली सून,
सुनंदा


मुलुंड
२० एप्रिल २०२५

तीर्थरूप भाऊंना,
साष्टांग नमस्कार.

गुणाजी येऊन गेला. तेलाची बाटली, आमसुलं आणि फणसाचे गरे मिळाले. चिठ्ठी नव्हती. मी पिशवी दोनदा झटकली. मग गुणाजी चहा पिता पिता म्हणाला, "भाऊ इचारत होते, चेडवाचा ढोपर दुमडता काय?" गंधाली आत होती. ती बाहेर आली. गुणाजीच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. मग उठली, हाताचा आधार न घेता. म्हणाली, "काका, आजोबांना सांगा, दुमडतो. आणि तेल मीच लावते, पण त्यांच्यासारखं लागत नाही."

आता बाकीचं.

घाटकोपरला ज्याच्याकडे ती व्यायामाला जाते तो मिहिर, पोरगेलासाच आहे पण कडक, त्याने रोलर स्कीला परवानगी दिली. त्या चाकांच्या फळ्या वर्षभर पलंगाखाली होत्या. काढल्या तेव्हा एका चाकात कोळ्याचं जाळं होतं. पहाटे ती आणि मी टेकडीच्या उतारावर गेलो. तिच्या फळ्यांना ब्रेक नसतो हे तुम्हीच मला पहिल्यांदा सांगितलं होतं आणि वळणावर कोणीतरी उभं राहायलाच हवं, म्हणून रोज तुम्ही उभे राहायचात. मिलच्या संघाचे कबड्डीचे पंच होतात तेव्हाची ती शिट्टी गळ्यात घालून. तुम्ही वाजवलीत की रिक्षा थांबायच्या, दूधवाले थांबायचे, एकदा तर बँडवाल्यांची वरातही थांबली होती.

ती शिट्टी आता मी वाजवते. रिक्षावाला म्हणाला, "ताई, नुसती हवा जातेय." मी हात आडवा केला, तेव्हा थांबला.

भाऊ, आता त्या स्पीडब्रेकरबद्दल लिहायलाच हवं. तुम्ही बोलत नाही, जयवंत बोलत नाही, आणि त्यावरून माझी मुलगी रोज जाते.

तुमचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. काही दिवस उन्हाधुळीत उभं राहता येणार नव्हतं. तुमच्या जागी तिच्यासाठी गाड्या कोण थांबवणार, याची तुम्हाला काळजी. समोरच्या गल्लीत डांबर टाकणारी माणसं आली होती. त्यांना तुम्ही चहा-भजी खाऊ घातलीत आणि वळणाच्या अलीकडे रस्त्यावर एक उंचवटा घालून घेतलात. डोळ्यात औषध घालणं सुरू होतं म्हणून त्या पहाटे तुम्ही तिच्याबरोबर जाणार नव्हतात; पांढरे पट्टे उजाडल्यावर मारणार होतात. गंधाली त्याआधीच उठून गेली. पहाटेच्या अंधारात काळ्यावर काळं तिला दिसलं नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर जयवंत तुम्हाला म्हणाला, "कोणी सांगितला होता हा शहाणपणा? माझ्या पोरीचा पाय घालवलात तुम्ही." तुम्ही मांडीवर डोळ्याच्या औषधांची पिशवी धरून बसला होतात. एक शब्द बोलला नाहीत. ती घरी आली तशी तुम्ही गावाला निघालात, आंब्याची राखण करायची म्हणून. आपल्याकडे आंब्याची झाडं दोन आहेत, भाऊ. आणि गेल्या वर्षीचे आंबे कधीच संपून गेले.

मी तुम्हाला दोष दिला नाही. मनातसुद्धा नाही. हे तुम्हाला वर्षभर कोणी सांगितलं नाही, म्हणून मी लिहून ठेवते आहे.

आता सोसायटीत ठराव झाला आहे की तो स्पीडब्रेकर फोडायचा. अर्ज जयवंतने दिला. गंधाली ऐकायला तयार नाही. म्हणते, "तो आजोबांचा आहे. मी उडी मारायला शिकेन." बापलेकीत दोन दिवस अबोला आहे. जयवंत हल्ली जेवताना ताटातच बघतो. काहीतरी आहे, जे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल, असं का कोण जाणे वाटतं.

माणसं येत्या रविवारी फोडायला येणार आहेत.

सुनंदा


मुलुंड
४ मे २०२५

तीर्थरूप भाऊंना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सावकाश वाचा. दारात वाचू नका, आत बसून वाचा.

गेल्या रविवारी सकाळी दोन माणसं यंत्र घेऊन आली. गंधाली आधीच जाऊन बसली होती, तुमच्या त्या उंचवट्यावर, पाय पसरून, शेजारी चाकांच्या फळ्या. जयवंत मागोमाग गेला. मी शिट्टी हातात घेऊन गेले, काय करायचं होतं ते मलाही माहीत नव्हतं.

"ऊठ, गंधाली. तमाशा नको."

"बाबा, मला एक सांग. आजोबा मिलमध्ये असताना शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला सगळं सांगून यायचे ना? गावाला जाताना दूधवाल्यालासुद्धा तीन वेळा सांगतात. मग इथे रस्त्यात एवढं मोठं घालून ठेवलं आणि मला सांगायचं कसे विसरले?"

ती टोमणा मारत नव्हती, भाऊ. तिला खरंच कळत नव्हतं. वर्षभर चटईवर पडून तिने याच गोष्टीचा विचार केला असणार.

जयवंत उभा राहिला होता. मग तिच्या शेजारी, रस्त्यातच, खाली बसला. ऑफिसची पँट घालून. म्हणाला, "ते विसरले नव्हते. मला सांगितलं होतं. तू लवकर झोपलीस, म्हणून मला म्हणाले, पोरीला सकाळी निघायच्या आधी सांग. मी मॅच बघत होतो. हो म्हटलं."

यंत्रवाली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी रस्त्याकडे बघत होते.

म्हणजे त्या बाकावर तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं असतं. "जया, मी तुला सांगितलं होतं." एवढंच. दारामागे तुमची नात होती, पाय सुजलेला, आणि तिला त्या दिवसांत बाप हवा होता. तुम्ही ते वाक्य गिळलंत आणि ओझं घेऊन गावाला गेलात. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा माझे वडील म्हणाले होते, मिलमध्ये राबलेलं माणूस आहे, बोलणं कमी असेल. बोलणं कमी आहे. पण न बोलता तुम्ही काय काय केलंत, ते मला आता पन्नाशी जवळ आल्यावर कळतंय. माझ्या मुलीच्या अंगात कुणाचं रक्त आहे, ते मी आता मान वर करून सांगेन.

मला वाटलं, आता गंधाली बापावर तुटून पडेल. तिने फळ्या पायात चढवायला घेतल्या. म्हणाली, "बाबा, वर्षभर तू हे एकटाच घेऊन फिरत होतास?"

"तुझे आजोबा पण."

"त्यांना फोन लाव."

"फोनवर नाही जमणार मला."

"मग रंग तरी आण. दिसत नाही मला हा."

मग ती चढ चढून वर गेली. मी वळणावर उभी राहिले. शिट्टी फुंकली, आणि भाऊ, वाजली. दोन रिक्षा आणि एक गॅसची गाडी थांबली. ती खाली आली, वेगात, गुडघे मऊ वाकवून, आणि तुमच्या उंचवट्याच्या आधी दोन्ही पायांनी जराशी उचलली गेली. पलीकडे टेकली तेव्हा चाकांचा एकच आवाज आला. डळमळली नाही. गॅसवाला म्हणाला, "ये तो उड गई." जयवंत तिथेच बसून होता. त्याने डोळे पुसले आणि मग उगाच बुटाची नाडी बांधली. यंत्र परत गेलं.

मिहिरला मी व्हिडिओ पाठवला. त्याने लिहिलं, "आंटी, हे मी सांगितलेलं नव्हतं." खाली आणखी एक ओळ होती, "पण गुडघा झकास."

पंचवीस तारखेला ती शिबिराला निघते आहे. गुडघा टिकेल की नाही ते तिथेच कळेल. मला विचाराल तर तिने चाचणी त्या रविवारीच दिली. पण ही गोष्ट तिला सांगू नका, ती म्हणेल आई आहेस म्हणून बोलतेस.

जयवंत पत्र लिहिणार नाही, तुमचाच मुलगा आहे. तीनदा कागद घेऊन बसला. 'तीर्थरूप' लिहितो आणि पंख्याकडे बघत राहतो. काल मात्र तो पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला आणि दारामागे तुमच्या चपला असायच्या त्या जागी ठेवला. मी विचारलं, "ब्रश कुठाय?" तर म्हणाला, "भाऊंना दुसऱ्याच्या हातचा ब्रश चालत नाही. ते त्यांचा आणतील."

गंधालीने सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, त्या उंचवट्याला कोणी हात लावायचा नाही. आत्ता तिथे खडूच्या रेघा आहेत, तेवढ्यापुरत्या, रोज पहाटे ती स्वतः मारते. पाऊस यायच्या आत रंग वाळायला हवा.

गुणाजीला विचारलं आहे. त्याची मुंबईची गाडी शुक्रवारी रात्री गावाहून निघते. खिडकीजवळची जागा त्याने तुमच्यासाठी धरून ठेवली आहे.

शिट्टी खिळ्याला परत टांगली आहे. माझ्याकडून एकदाच नीट वाजली, तेवढी पुरे.

तुमच्या जागी वळणावर उभी,
सुनंदा