पत्ता कळू नये म्हणून

रश्मी मॅडम यांना सविनय जयभीम.

कारखान्याच्या बसचा हॉर्न आपल्यालाच धमकावतो, असं माझा धाकटा भाऊ अंकुश सांगायचा. दवाखान्यात तुम्ही त्याला कधी खोटं पाडलं नाही. नुसतं विचारलंत, ऐकलंत. एक दिवस तोच म्हणाला, "हॉर्न तं साऱ्यायलेच आयकू येते, दादा." त्या दिवशी तो आमच्यासोबत जेवला.

मग तुमची बदली झाली.

"मॅडमले कारखान्यावाल्यायनंच गायब केलं," तो म्हणतो. मी समजावतो, तेव्हा हसतो, "तुले बी फसवलं." तुमच्यासारखं ऐकणं मला जमत नाही. बुद्धवंदनेतही मन लागत नाही.

आत्ता त्यानं माझा हात धरला. "पत्र धाडू नको. त्यायले मॅडमचा पत्ता भेटंल."

मी हो म्हटलं. म्हणून हे पत्र धाडणार नाही. माझ्यावर त्याचा एवढाच विश्वास उरला आहे.

आपला,
हिरामण मेश्राम, कारधा