आईने निवडलेली भूल

प्रिय बाबा,

नमस्कार. आधी चांगली बातमी. आईचा खुब्याचा सांधा बदलला, ती बरी आहे.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आदल्या दिवशी आल्या. मी घाईने म्हणाले, "पूर्ण झोपवाच तिला."

आई म्हणाली, "दमा मला आहे, तुला नाही. डॉक्टर, माझ्या छातीला काय सोसेल?"

"फक्त कमरेखाली बधिर केलेलं बरं. पण ठोकाठोकी ऐकू येईल."

"येऊ दे. नवरा सुतार आहे माझा, चाळीस वर्षं तेच ऐकतेय."

आज वॉकर धरून सहा पावलं चालली. चौथ्याला रडली, तरी माझा हात झटकला.

तुम्ही वेळेवर जेवता ना? रडल्याचं तुम्हाला कळवू नकोस, असं तिने बजावलंय. तेव्हा फोनवर काहीच माहीत नसल्यासारखं बोला.

तुमची,
थोरली